सहातलं एक ताट

कोर्टात साहेबांनी माझ्या बायकोला विचारलं, "मारहाण करतात?" ती म्हणाली, नाही. "दारू?" नाही. "मग तीस वर्षं संसार करून आता काय झालं?"

ती म्हणाली, "साहेब, दाराची कडी कुठल्या हातानं लावायची तेपण हेच सांगतात. आता मला माझ्या हातानं लावायचीय."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "उजव्या हातानं लावली की घट्ट बसते, एवढंच मी सांगत होतो." साहेब हसले आणि पुढची तारीख दिली. दोन-चार तारखांत काडीमोड झाला. दोघांची खुशी होती, भांडण कसलं नव्हतंच. दिघाशी गावातलं घर तिच्याकडं आणि मुलाकडं राहिलं. मी तिथल्या अंगणात उभं राहून, शेजारपाजारला ऐकू जाईल असं बोललो, "या घरातला चमचासुद्धा मला नको." बोललो ते बोललो. अंगावरचे कपडे आणि लूमचे पाने-पकड एवढं घेऊन भिवंडीला आलो.

लूमवर मी जॉबर होतो. म्हणजे मागावर काही बिघडलं की कारीगर ज्याला हाका मारतो तो मी. अठ्ठावन्न वय झालेलं, अर्ध्या दिवसाचं काम मिळत होतं, पगारही तसाच अर्धा. नवरात्राच्या तोंडावर एक खोली घेतली. दहा बाय दहा, कोपऱ्यात मोरी, वर पत्रा. शेजारच्या खोलीत यूपीचे चार कारीगर, दोघं दिवसपाळीला, दोघं रातपाळीला. भिंतीपलीकडं चोवीस तास लूमचा खडखडाट. मला तो अंगाईसारखा. लाईट गेली आणि लूम थांबले तरच मला जाग यायची.

राहनाळला माझी थोरली बहीण असते. तिला मी आक्का म्हणतो. सासरच्या जमिनीवर गोडाऊनं उठली, त्यामुळं तिचं बरं चाललंय, पण जीभ शेतावरचीच राहिली. चौकातल्या एक रुपयाच्या डबा-फोनवरून तिला कळवलं, खोली घेतली, यंदा भाऊबीजेला इकडंच ये.

"तुझ्या बायकोचा निरोप आलाय," आक्का म्हणाली. "ताई, नेहमीसारखं दिघाशीला या, भाचा हाय ओवाळायला, म्हणते."

"ती आता माझी बायको न्हाय."

"माझी वहिनी हाय ना अजून. तुमच्या कागदावर माझा अंगठा घेतलावता काय? हे बघ बाला, मी लॉजवर येणार न्हाय. घर असंल तर येईन. नसंल तर दिघाशीला जाईन, आणि मग दर वर्षी तिकडंच."

साठीला टेकलेल्या माणसाला बाला म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती. आईबाप गेले, भाऊ नाही. भाऊबीजही दिघाशीला गेली असती तर माझ्याकडं काय राहिलं असतं? पण हे फोनवर बोलायचं कसं. मी म्हटलं, "ये आणि बघ घर हाय का न्हाय ते." रुपया संपला.

महिन्याभराची मुदत होती. मी कामाला लागलो.

वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये मशिनीच्या पेट्या फोडून लाकूड विकत होते. टेम्पोवाल्याच्या पाया न पडता, हातगाडी भाड्यानं घेऊन मी स्वतः ती ढकलत आणली. त्यातून पलंग केला, भिंतीला फळी ठोकली, उरलेल्यात एक पाट झाला. पाटाचे कोपरे मी कानशीनं असे गोल केले की सुतारानं बघत राहावं. फक्त पेटीवरची चित्रं काही निघाली नाहीत. पलंगाच्या उशाला काळ्या रंगात एक काचेचा पेला आणि वर जाणारे दोन बाण राहिले.

कपड्याचं तर भिवंडीत सोपंच. डॅमेजचा माल किलोवर मिळतो. निळ्या पट्ट्यांचा एक तागा, मध्ये मध्ये धागा तुटलेला, पूर्ण उचलला. त्यात पडदा झाला, दोन चादरी झाल्या, उशीचा अभ्रा झाला, पंचा झाला, आणि तरी उरला म्हणून शिंप्याकडून दोन शर्टही शिवून घेतले.

मग भांडी. बाजारपेठेतल्या दुकानात गेलो. शेठला म्हटलं, "एक ताट द्या."

"सहाचा सेट आहे काका."

"मी एकटाच हाय. सहा तोंडं कुठनं आणू?"

"सेट फोडून एक तुम्हाला दिलं तर बाकीची पाच मी कुणाला विकू?"

"दुसऱ्या पाच घटस्फोटवाल्यांना."

शेठ एवढा हसला की त्यानं सेट फोडला. मग मी एक वाटी घेतली, एक पेला, एक तांब्या, एक पातेलं, एक कढई, एक तवा, एक पळी, एक चमचा. सगळं एक. मला यात मोठी अक्कल वाटत होती. एकट्या माणसाला दुसरं ताट म्हणजे धुण्याचं काम आणि धूळ. तिकडं घरात स्टीलचा डोंगर होता, वर्षातून दोनदा काढायचा, पुसायचा, ठेवायचा. मी त्यावरूनही बायकोला बोलायचो.

दुकानात भांड्यावर नाव फुकट घालून देत. नाव घालणाऱ्याला मी सांगितलं, सगळ्यावर घाल, पूर्ण नाव, वडिलांसकट. उद्या कुणी म्हणायला नको की हे दिघाशीचं आहे. चमच्यापाशी तो अडला. "काका, एवढं मावत न्हाय."

"आडनाव सोड. बाकी घाल."

शेजारच्या चौघांतला जो वयानं मोठा होता तो मला चाचा म्हणायचा. माझी खोली बघून म्हणाला, "चाचा, मेहमान आएँगे तो बर्तन हमारे यहाँ से ले लेना." मी म्हटलं, "मेरे पास सब है." खोटं नव्हतं. सगळं होतंच, एकेक.

भाऊबीजेच्या दोन दिवस आधी वाल भिजत घातले. मोड आणून ते सोलायला बसलो तेव्हा कळलं की बिरडं हा पदार्थ नसून शिक्षा आहे. तीस वर्षं मी ते ताटात आयतं बघितलं होतं आणि मीठ कमी आहे म्हटलं होतं. बोटाची कातडी गेली, पण एकेक दाणा सोलला. सकाळी स्टोव्हवर आधी शेवयांची खीर केली, मग बिरडं, मग भात. आणि तिथं माझी अक्कल आडवी आली. खीर पातेल्यात होती, भातालाही पातेलंच हवं. कढईत बिरडं. खीर ओतायची कुठं? तांब्यात ओतली. पेल्यात आमसुलं भिजत होती. ताटात ओवाळायची तयारी, वाटीत हळदकुंकू. घर कसं भरल्यासारखं दिसत होतं.

आक्का रिक्षातून उतरली ती दारातच थांबली. "कुठं हायस रं?"

मी निळा शर्ट घालून निळ्या पडद्यापुढं उभा होतो. "हा काय, हितंच."

"दिसतच न्हायस. त्या पडद्याला हातपाय फुटल्यासारखं वाटलं." आत आली, पलंगावर बसली, उशाचं चित्र बघितलं. "हा पेला कशाला काढलाय?"

"मी न्हाय काढला. पेटीवर असतो. आत काच हाय, जपून उचला, असं असतं ते."

"बरोबर हाय मग," ती म्हणाली. "बाण वर गेलेत तेपण बरोबर. तुझं नाक." मग पदरानं वारा घेत म्हणाली, "पाणी दे आधी, घसा सुकला."

मी तांब्या उचलला आणि खाली ठेवला. पेल्याकडं बघितलं. शेवटी माठात पळी बुडवली आणि म्हटलं, "ओंजळ कर."

"मी काय पाणपोईवर आलेय?" पण प्याली. पिताना खोलीभर डोळे फिरवत होती. फळीवर एक तवा, बाकी रिकामी जागा, कोपऱ्यात एकच पाट. 

पाटावर मला बसवलं, ओवाळलं. पाटाचे कोपरे हातानं चाचपून बघितले, तेही मी बघितलं. मग म्हणाली, "वाढ आता. भूक लागलीय."

ताटात निरांजन जळत होतं. सुपारी, अक्षता, कुंकू सांडलेलं, आणि मधोमध माझं नाव, वडिलांसकट. मी म्हटलं, "तू आधी जेव. ताट धुतो. मग मी."

"वर्षातनं एकदा येते मी. भाऊ उभा राहणार आणि मी एकटी जेवणार?" ती उठली, पदर खोचला आणि मी दारात आडवा व्हायच्या आत शेजारी गेली. महिनाभर ज्या दारावर मी मेरे पास सब है म्हणून छाती काढली होती, त्याच दारावर माझी बहीण धेडगुजरी हिंदीत म्हणत होती, "भैया, तीन थाली देव, पेला पन देव, मेरा भाऊ लई हुशार है."

परत आली ती तीन ताटं, तीन पेले आणि तो थोरला कारीगर घेऊन. तो बिचारा डोळे चोळत होता, रातपाळी करून आलेला.

"याला कशाला उठवलंस?"

"त्याचं ताट आणायचं आणि त्याला सोडायचं? कुठली रीत ही?"

तिघं जेवायला बसलो. आक्कानं मला पाटावरून उठवलं, पाट भिंतीशी लावून ठेवला आणि तिघंही फरशीवर. कारीगरानं बिरड्याचा पहिला घास घेतला आणि म्हणाला, "चाचा, ये क्या चीज है? बहुत बढ़िया." मग दोनदा घेतलं. आक्का म्हणाली, "दोन साली राहिल्यात." म्हणजे चांगलं झालं होतं. मीठही बरोबर होतं, मी मुद्दाम बघितलं. खीर तांब्यातून पेल्यांत ओतली तेव्हा ती एवढी हसली की तिला ठसका लागला, आणि मग मीपण हसलो. काय करणार.

कारीगर गेल्यावर मी खिशातून ओवाळणीची नोट काढली. तिनं माझा हात बाजूला सारला.

"नोट नको. माझी ओवाळणी ती उरलेली पाच ताटं. सेट फोडलास ना? पलंग चांगला हाय, पाट चांगला हाय, जेवण चांगलं हाय. पण बाला, दुसरा माणूस यायचाच न्हाय असं धरून मांडलंयस सगळं. असल्याला घर म्हणत न्हायत. ताटं आणलीस तर कळव, म्हणजे पुढच्या वर्षी कुठं जायचं ते ठरवीन."

 मला एका दमात गप्प करणारी दुसरी बाई दिघाशीत होती, पण ती कमी बोलायची.

जाताना आक्कानं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. "तिकडनं आलाय. करंज्या हायत. सारणात खोबरं जास्त घातलंय, म्हणाली, तुला तसं लागतं म्हणून."

मी म्हटलं, "त्या घरातला चमचासुद्धा..."

"चमचा न्हायच आत. बघ."

मी विचार केला. शपथ भांड्याची होती, करंज्यांची नव्हती. ताट धुऊन पुसलं, करंज्या ताटात काढल्या, डबा परत आक्काच्या हातात दिला. तिनं घेतला नाही. हात मागं बांधून उभी राहिली. रिकामा डबा कुणी परत करत नाही हे मलाही माहीत होतं. साखरेची पुडी उघडली आणि डबा अर्धा भरला. मग म्हटलं, अर्धा कशाला, आणि सगळी ओतली. पुढं आठ दिवस कोरा चहा गुळाचा पिलो. आक्कानं झाकण लावलं. रिक्षात बसेपर्यंत तिचं तोंड हसरंच होतं.

दिवाळीनंतर दुकान उघडलं त्या दिवशी मी पायरीवर. शेठनं मला बघितलं आणि न विचारता खालच्या कप्प्यातून पाच ताटं काढली. कागदात गुंडाळून ठेवली होती.

"विकली न्हाईत?"

"वाट बघितली काका. घटस्फोटवाला एकपण आला नाही."

नाव घालणाऱ्यानं मशीन हातात घेतली. आक्का म्हणाली होती, यांच्यावर नाव घालू नकोस, पाहुण्याला वाटतं दुसऱ्याचं खातोय. पण नाव नाही म्हणजे कसं? मी त्याला म्हटलं, "घाल. पण मागच्या बाजूला."

पिशवी घेऊन तसाच चौकात आलो, डबा-फोनमध्ये रुपया टाकला. "आक्का, सहा झाली."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मग पुढच्या भाऊबीजेला माझ्या सुनेलापण घेऊन येते," ती म्हणाली. "पेले किती हायत?"

पेला एकच होता. फोन ठेवला. मग मागं वळून बघितलं. शेठचं दुकान अजून उघडं होतं.