खलाशी, कावळा आणि माझं चुकलेलं उत्तर

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर नातीचा गृहपाठ. मी दुसरी नापास, ही सातवी पास. म्हणून हिनं वाचायचं आणि मी लसूण सोलायचा, अशी वाटणी. धडा साहसाचा होता. जहाज बुडतं, एक खलाशी बेटावर अडकतो. खायला मासे, गुहेत सोन्यानं भरलेली पेटी. तरी गडी रोज संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन लाटांना शिव्या घालतो! खाली प्रश्न: उताऱ्याचा मुख्य आशय काय?

"सांगा," ही म्हणाली.

"पोहता येत नाय त्यानं बोटीत बसू नये."

"अहो, तो पोहतच बेटावर आला ना!"

"मग डोकं फिरलंय त्याचं."

"चुकलं. उद्या परत विचारीन."

उद्या कसली विचारते! पहाटे झोपेतच गेली. (उत्तर न सांगता! जन्माची खोड.)

दहाव्याला गोदाघाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. भिंतीवर बसून नुसता बघतोय. गुरुजी म्हणाले, "इच्छा राहिली असेल काहीतरी. बोला."

पोरानं हात जोडले, "आई, नानांना आम्ही नीट सांभाळू."

कावळा दोन हात मागं सरकला! (त्यालाही खरं वाटलं नाही.)

सून म्हणाली, "आई, तुमची तुळस वाळू देणार नाही."

कावळा ढिम्म!

मग माझ्या डोक्यात लख्ख पडलं, हिचं काय राहिलंय ते. मी पुढं होऊन ओरडलो, "सोन्याचा लोभ वाईट!"

अख्खा घाट वळून बघायला लागला. कावळ्यानं मान वाकडी केली, हुबेहूब हिच्यासारखी.

"हिंमत सोडू नये! देव तारी त्याला कोण मारी!"

पोरानं दंड धरला. "नाना, काय बोलताय?"

"गप बस! आशय सांगतोय!"

कावळा उडूनच गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. चारचौघांत परत नापास!

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गॅलरीत बसलो, तर कठड्यावर कावळा! माझं टाळकंच सटकलं. "काल उडून कुठं मेलास रे? दोन शितं खाल्ली असती तर चोच झिजली असती? आणि तू गं! न सांगता उठून जायची ही काय पद्धत? लसूण अर्धा तसाच पडलाय! आता मी भांडू कोणाशी?"

आणि तिथंच कप खाली ठेवला. लाटांना शिव्या घालणाऱ्या त्या खलाशाचंही एवढंच होतं की हो!

आतून सून म्हणाली, "नाना, कोणाशी भांडताय?"

"गृहपाठ करतोय," म्हटलं.

जन्मात पहिल्यांदा उत्तर बरोबर आलं, तर तपासणारी बाईच वर्गातून उठून गेलेली!