मोठ्या अक्षरातले गजेंद्र सर

प्रमिलाबाई हिंगणघाट तालुक्यात केंद्रप्रमुख झाल्या, तेव्हा त्यांच्या केंद्रातले शिक्षक महिन्याच्या शिक्षण परिषदेला चहापुरते येत. बाईंनी एसटीने, कधी कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून शाळा पालथ्या घातल्या आणि एकेकाला गोळा केलं. दोन वर्षांत परिषद भरू लागली. शिक्षकांनाही काही शिकवता येतं, असं मानणाऱ्या त्या तालुक्यातल्या बहुधा एकट्याच.

२००७ साली सायबर कॅफेत त्यांना एक साईट सापडली. नेटवर जे कामाचं दिसेल त्याचा दुवा तिथे जपायचा, खाली टिपण लिहायचं आणि एखाद्या शब्दाची चिठ्ठी लावायची. पुढे कुठल्याही कंप्युटरवर ती चिठ्ठी दाबली की सगळं समोर. शहाणी माणसं ‘गणित’, ‘विज्ञान’ अशा चिठ्ठ्या लावतात. बाईंनी शिक्षकांची नावं लावली. ज्याला ज्याची गरज, ते त्याच्या नावावर, घरातल्या डब्यांसारखं. फरक एवढाच, की डबे घरात असतात आणि ही साईट साऱ्या जगाला उघडी होती. जग अजून तिकडे फिरकलं नव्हतं.

मग एका परिषदेला विस्तार अधिकारी मधुकरराव आले. नवं तंत्रज्ञान दाखवा म्हणाले. प्रोजेक्टर मागून आणला होता, नेट फोनवरचं, त्यामुळे पान वरून खाली पडद्यासारखं सावकाश उतरे. माऊसची भीती न वाटणारे एकटे गजेंद्र सर, म्हणून माऊस त्यांच्या हाती.

बाईंना गणिताचं एक पान दाखवायचं होतं. भिंतीवर आलं ते चिठ्ठ्यांचं पान. ज्या चिठ्ठीवर दुवे जास्त तिची अक्षरं मोठी, अशी त्या साईटची रीत. बाकीची नावं बारीक, आणि मधोमध, ग्रामपंचायतीच्या पाटीएवढं, गजेंद्र.

“वा!” मधुकरराव म्हणाले. “केंद्रातले सगळ्यात हुशार हेच दिसतात.” त्यांनी अहवालात नाव लिहूनही टाकलं. टाळ्या पडल्या.

“पार्टी द्या सर!” हिरालाल गुरुजी हसत ओरडले.

 त्या नावाखाली काय आहे ते बाईंना ठाऊक होतं. मागे एकदा याहून साध्या बोलण्यावरून गजेंद्र सर उठून गेले होते आणि जाताना चौघांना घेऊन गेले होते. आज गेले तर दोन वर्षांची परिषद पुन्हा चहावर येणार होती.

“उघडा, उघडा,” मधुकरराव म्हणाले.

“साहेब, आधी गणिताचं...”

“गणित राहू द्या.”

बाईंनी पंख्याकडे पाहिलं. भारनियमनाची वेळ होऊन गेली होती. रोज न चुकता जाणारी वीज त्या दिवशी गेली नाही.

सरांनी नाव दाबलं. आधी पहिल्या दुव्याचं नाव उतरलं, मग एकेक ओळ करत बाईंचं टिपण: ‘सर चिडले की पोरांना मारतात. न मारता वर्ग कसा सांभाळावा, त्याबद्दल. एकट्यात सांगावे.’ शेवटची ओळ सगळ्यात उशिरा आली.

मधुकररावांनी चष्मा पुसायला काढला. काय पाहू नये हे अधिकाऱ्याला लवकर कळतं.

“बाई,” सर म्हणाले, “एकट्यात सांगाचं होतं, मंग सांगतलं काऊन नाई?”

“तुमी उठून जाता सर. मले भेव वाटलं.”

सर उठले. खुर्ची करकरली. मागे कुणीतरी पिशवीला हात घातला. सरांनी दाराकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि पुन्हा बसले.

“हिरालाल गुरुजी, मघा लय हासून राह्यलते न? आता तुमचं उघडतो.”

“माह्यं काऊन?”

“पार्टी पायजे न तुमाले?”

गुरुजींच्या नावाखाली निघालं: ‘भागाकार स्वतःच चुकवतात.’ मग सगळ्यांचं उघडलं. चहा निवला, कुणी हललं नाही.

अहवालात मात्र गजेंद्र सर केंद्रातले अग्रगण्य शिक्षकच राहिले. शाई वाळली होती.

पुढच्या परिषदेला सगळे वेळेआधी हजर. आपलं नाव बारीक झालं का, हे प्रत्येकाला पाहायचं होतं. गजेंद्र सरांचं तेवढंच होतं.

“बाई, मी आता मारत नाई.”

“पोरांले विचारून सांगते,” बाई म्हणाल्या. “तवर बसा.”