आठ कॉम्प्युटर, सोळा नावं

पडदा वर जातो तेव्हा सकाळचे साडेनऊ. कानडी मुलखातलं शिवाजीनगर, बस स्टँडामागची इमारत, दुसरा मजला. यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढणारी कचेरी. साल १९९८. आठही कॉम्प्युटरांच्या कपाळी दसऱ्याच्या आयुधपूजेचं कुंकू अजून ताजं. आणि मधोमध, टेपच्या यंत्रापुढे, भाग्यलक्ष्मी. टायपिस्ट म्हणून आलेली ही बाई आता रोजच्या नकाशांची नक्कल टेपवर उतरवून जपत असे.

पूजेच्या मुहूर्तावर मालक जयसिंगरावांना हौस आली. माणसांच्या नावाचे कॉम्प्युटर त्यांनी नद्यांच्या नावाचे केले. तेव्हापासून टेपवर फक्त कावेरी आणि तुंगा उतरत होत्या. बाकी सहांना टेपच्या प्रोग्रॅमचं एकच उत्तर: लायसन्स शिल्लक नाही. दर कॉम्प्युटरला एक लायसन्स लागे.

जयसिंगराव म्हणाले, "अक्का, लायसन्स दहा घेतली होती. कॉम्प्युटर आठ. मग संपली कशी? तुमच्या भावाच्या ऑफिसात तर नाही ना बसवलंत?"

एकवीस वर्षांत तिने इथली पेन्सिलही घरी नेली नव्हती. तिचा चेहरा पांढरा पडला.

"स्वल्प थांबा, अण्णा."

तिने लायसन्सांची यादी उघडली. आठ जुनी नावं जागा अडवून बसलेली, खाली दोन नव्या नद्या. झाले दहा! एकच नट वेष बदलून आला, तर दारावरच्याने त्याला दुसरा माणूस समजावं, तसा प्रकार.

जुनी नावं काढली की झालं. पण हात थबकला. त्या नावांखाली तीन वर्षांचे नकाशे होते. तेही गेले तर? प्रोग्रॅमच्या पुस्तकात लिहिलं होतं, नाव निवृत्त केलं तर लायसन्स सुटतं, टेपवरचं शाबूत राहतं. पुस्तकापेक्षा तिचा डोळ्यांवर भरवसा. तिने आधी एकच नाव निवृत्त केलं, शेजारी नकाशे काढत बसलेल्या भीमाचार्यांचं, आणि त्यांचा एक जुना नकाशा टेपवरून परत मागवला. टेप कुरकुरली, थांबली, पुन्हा फिरली. पडद्यावर दातेरी चाक उमटलं.

"माझंच!" भीमाचार्य ओरडले. "छत्तीस दाते, मोजा हवं तर!"

मग उरलेली सात नावं. आठही नद्या यादीत आल्या. लायसन्स दहा, वापरात आठ, शिल्लक दोन.

जयसिंगराव तिच्या खुर्चीपाशी आले. सगळ्यांदेखत म्हणाले, "अक्का, मी बोललो ते चुकलं."

भाग्यलक्ष्मीने पदराने कपाळ टिपलं. कितीतरी वेळाने तिला हसू आलं.

"सरी, ठीक आहे, अण्णा. आता कॉफी मागवा, आणि माझ्या कपात साखर जास्त सांगा."