चौथं नामांकन

आमच्याकडे पुरस्काराला पुरस्कार म्हणत नाहीत, बक्षीस म्हणतात. शाळेत लिंबू-चमच्याला मिळतं तेही बक्षीस आणि मुंबईत मोठ्या स्टेजवर दिव्यांच्या झगमगाटात मिळतं तेही बक्षीसच. माझा नवरा टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेत काम करतो. सोसायटीच्या सेक्रेटरीचा मेहुणा. दोन दिवसांसाठी म्हणून बहिणीकडे येतो आणि वर्षानुवर्षं जातच नाही, असं ते पात्र. रेवदंड्यापासून पेणपर्यंत कुठेही जा, लोक ह्यांना अडवून विचारणार, "काय पाव्हणं, कवा जाताय?" आणि हे दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसणार. मला तर कधी कधी त्या लोकांच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो.

मालिकेला बक्षिसं मिळाली ती पोत्यानं. सर्वोत्कृष्ट मालिका, सर्वोत्कृष्ट लेखन, शीर्षकगीत, सर्वोत्कृष्ट जोडी, सर्वोत्कृष्ट सासू. एका वर्षी तर मालिकेतल्या पोपटाला विशेष पुरस्कार दिला. पोपटाला! तो मेला धड बोलतही नाही, त्याचा आवाज एक बाई काढतात. विनोदी भूमिकेसाठी ह्यांचं नामांकन मात्र तीनदा झालं आणि तिन्ही वेळा हे दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवून मांडव्याच्या बोटीनं घरी आले.

ह्या सगळ्याचं खरं वेड माझ्या सासऱ्यांना होतं. त्यांची सुपारीची वाडी. पण गावच्या जत्रेतल्या नाटकात तरुणपणापासून विनोदी कामं तेच करायचे आणि लेकाला पहिल्यांदा तोंडाला रंग लावला तोही त्यांनीच. त्यांचा एक नियम होता. बक्षिसांचा सोहळा आधी होऊन जातो आणि टीव्हीवर दाखवतात तो दोनेक आठवड्यांनी. हॉलमध्ये बसलेल्यांना निकाल माहीत असतो, बाहेर बोलायचं नाही असं त्यांना बजावलेलं असतं. घरच्यांना कोण सांगत नाही म्हणा! पण सासरे कानावर हात ठेवायचे. "नाटकाचा शेवट विंगेतनं सांगायचा न्हाय. मी समोर बसून बघणार."

मग त्या रविवारी इस्त्रीचा सदरा घालून ते टीव्हीपुढे बसायचे. आळीतली माणसं आमच्या ओटीवर दाटीवाटीनं. पडद्यावर नामांकन झालेल्यांचे चेहरे दाखवले की सासरे खुर्चीचा हात घट्ट धरायचे. दुसऱ्याचंच नाव पुकारलं की, "बरा हाय, तो पण बरा हाय," असं म्हणून मागच्या दारी नारळ सोलायला बसायचे. त्या दिवशी आमच्याकडे गरजेपेक्षा कितीतरी जास्त नारळ सोलले जात.

खरं तर टीव्हीची वाट बघायची गरजच नसायची. सोहळ्याहून परतलेल्या लेकाचं तोंड बघूनच बाप ओळखायचा.

चौथ्या वेळी ह्यांना बक्षीस मिळालं.

शूटिंगमुळे दहाएक दिवस मुंबईतच अडकले, मग ट्रॉफी टॉवेलात गुंडाळून आणली आणि आधी मला दाखवली. मी म्हटलं, "बाबांना सांगा की आत्ता!" तर म्हणाले, "छे, त्यांचा नियम आहे ना? रविवारी बघू देत." इथपर्यंत ठीक होतं. पण बापानं तोंडावरून ओळखू नये म्हणून ह्यांनी पडका चेहरा करायचं ठरवलं. ट्रॉफी तांदळाच्या पिंपात गेली आणि हे दोन घास खाऊन ताटावरून उठायला लागले. नटाच्या जातीला हे असलंच सुचणार.

सासरे फसले. दुसऱ्या दिवशी ते ह्यांना वाडीत घेऊन गेले. मी मागे कपडे वाळत घालत होते, मला सगळं ऐकू येत होतं. त्यांनी शहाळं फोडून लेकाच्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे बघ, न्हाय दिलं तर न्हाय दिलं. मी इतकी वर्षं जत्रेत नाचलो, मला कुणी साधा नारळ दिला न्हाय. माणसं हसली ना? आपला पगार तोच." हे मान खाली घालून पीत राहिले. सासऱ्यांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. एवढ्या थोरल्या लेकाच्या पाठीवरून हात फिरवताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

हे घरात आले ते तोंड दाबून हसतच. "पाहिलंस? पार फसले! रविवारी खुर्चीवरून उडी मारतील बघ." मी म्हटलं, "म्हातारा जीव आहे, कशाला उगाच दुःख देताय?" तर म्हणाले, "अगं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे." इतके खूश होते की मलाही पुढे बोलवेना. मीसुद्धा त्या उडीची वाट बघायला लागले.

गुरुवारी सकाळी सासरे वाडीला पाणी सोडायला गेले आणि तिथेच कोसळले. अलिबागला न्यायला गाडी आली, पण वाटेतच सगळं संपलं.

सुतकात आमच्यात टीव्ही लावत नाहीत. सासूबाईंनी त्यावर चादर टाकली. दुसऱ्याच दिवशी मालिकेच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. आधी सांत्वन केलं आणि मग चाचरत म्हणाली, "सर, केस तेवढे काढू नका ना, पुढचे भाग अडतील." फोन मीच घेतला होता. तिला काय बोलले ते इथे लिहीत नाही. ह्यांनी केस काढले आणि मालिकेतल्या मेहुण्याला पुढे महिनाभर टोपी घालावी लागली. लोकांना म्हणे तेही फार विनोदी वाटलं.

रविवार आला. संध्याकाळ झाली तरी आळीत कुठूनही टीव्हीचा आवाज येईना. शेजारच्या काकू पिठलं-भात घेऊन आल्या. दुखवट्याच्या घरी चूल पेटवू देत नाहीत, शेजारी आणून देतात. मी विचारलं तर म्हणाल्या, "कुणीच लावला न्हाय गो आज. तुमच्याकडं म्हातारा गेलेला, आन आमी काय बसून हसायचं?" चार वर्षं ज्या क्षणासाठी हे गाव आमच्या ओटीवर गर्दी करत होतं, तो क्षण आला आणि गावात कुणीच पाहिला नाही. मला त्या माणसांचे पाय धरावेसे वाटले आणि रागही आला. कुणाचा, ते मला आजही सांगता येत नाही.

फोन मात्र गप्प बसेना. एक संदेश "भावपूर्ण श्रद्धांजली", त्याच्या खालचा "मनःपूर्वक अभिनंदन". एका भल्या माणसानं तर दोन्ही एकामागोमाग पाठवले. कोपऱ्यात बसलेल्या सासूबाईंनी विचारलं, "कसले रे एवढे फोन?"

हे म्हणाले, "आई, मला बक्षीस मिळालं."

"तुझ्या बाबांना ठाऊक होतं?"

"नाही."

"अरे, मला तरी सांगायचंस. मी त्यांच्या कानात घातलं असतं." एवढंच बोलल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. ह्यांना जेवण गेलं नाही. ह्या वेळचा तो पडका चेहरा खरा होता आणि मला तो बघवत नव्हता.

दहाव्याचे विधी खाडीच्या तोंडाशी वाळूवर होतात. आमच्यात बायका तिथे जात नाहीत. मी गेले. कोण काय म्हणतं ते म्हणू दे, ह्यांना एकटं सोडायची माझी तयारी नव्हती. ह्यांच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि पिशवीत ट्रॉफी. पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्याचं काहीतरी मागे राहिलंय असं धरतात. मग एकेक जण पुढे होतो, आईला सांभाळीन, वाडी विकणार नाही, असा शब्द देतो आणि नेमकी इच्छा बोलली गेली की कावळा येतो. हे वाटेत मला म्हणाले होते, "बघ, कावळा लवकर येणार नाही. त्यांचं काय राहिलंय ते मला माहीत आहे." दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जरा धीर होता. तेवढं एक सांगायची सोय अजून उरली होती.

भटजींनी पिंड ठेवायला सांगितलं. ह्यांनी ठेवला, हात जोडले आणि मागे वळले. पुरती चार पावलंही गेले नसतील, सुरूच्या झाडावरून कावळा उतरला आणि पिंडाला चोच मारून गेला.

"सुटला!" चुलत सासरे म्हणाले. "काय एक इच्छा राहिली न्हाय म्हाताऱ्याची. भाग्यवान माणूस." सगळ्यांनी हात जोडले. तिथे इतकं झटपट कावळा शिवलेला कुणी बघितला नव्हता, अशी कौतुकाची बोलणी सुरू झाली.

ह्यांचा हात अजून पिशवीतच होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "काहीच कसं राहिलं नाही गं त्यांचं?"

हे वाळूत बसले, पाण्याकडे तोंड केलं आणि ट्रॉफी मांडीवर घेऊन, "बाबा, मिळालं हो मला, मिळालं," असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. भटजींनी थोडा वेळ वाट पाहिली. मग मला हळूच म्हणाले, "वहिनी, विधी झाला आहे. आता त्यांना स्नानाला घेऊन जा."