नशेतल्या माणसासमोर रिकामे हात

त्या वर्षी आमची बटालियन शांतिसेनेत, आफ्रिकेतल्या एका देशात होती. मी सिग्नल्सची कॅप्टन. गावांत जाऊन बायकांशी बोलणाऱ्या छोट्या टीमची जबाबदारी माझ्याकडे होती. अनोळखी माणसांशी बोलणं मला जड जातं, हे कमांडिंग ऑफिसरना, म्हणजे सीओंना, माहीत होतं. ते म्हणाले, "तू ऐकतेस. मला ऐकणारीच हवी आहे."

दिवस ठरलेला असे. सकाळी ब्रीफिंग, मग गस्त. बाजारापर्यंत गाड्या, पुढे पायी. कोणत्या रस्त्यावर लूट झाली, कोणाची मुलगी घरी परतली नाही, ते बायका सांगत आणि दुभाषी मला समजावून देई. टोळ्यांतली बरीच माणसं वेदनाशामक गोळ्या खाऊन बंदूक धरत. त्या गोळ्या बाजारात उघड्यावर विकल्या जात, शेंगदाण्यांच्या शेजारी.

माझ्याबरोबरच्या सेक्शनचा कमांडर होता नाईक अंकुश जाधव, भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याचा. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "मॅडम, बदनापूरच्या म्हंजे आपल्या जालन्याच्याच ना?"

"हो."

"मंग मराठी असं पुस्तकातलं कसं काय?"

मी सांगितलं, शाळा इंग्रजी होती.

"चालतंय की. कुठं अडलं तर मी हाय," तो म्हणाला. मागचे जवान हसले. मलाही हसू आलं, पण मी हेल्मेटचा पट्टा नीट करत राहिले.

जवान मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात म्हणून सीओंनी शनिवारी चहानंतर डिबेट सुरू केली होती. एका शनिवारी दोन विषय होते. नशा करणाऱ्याला तुरुंग की दवाखाना, आणि दुसऱ्याच्या देशात आपलं सैन्य असावं का.

साताऱ्याकडचे सुभेदार मोहिते तुरुंगाच्या बाजूने उभे राहिले. "दवाखाना कशाला? माझ्या ताब्यात द्या. पहाटे पाठीवर भरलेला पिट्टू चढवतो आणि पळवतो. आठवड्यात नशा उतरती का नाही बघा."

अंकुश उठला. "साहेब, माझ्या भावाला पळवायचं म्हटलं तर आधी धरायला लागंल."

सगळे हसले. तो हसला नाही.

"संतोष बटन खातो. झोपेच्या गोळ्या, आमच्याकडं त्याला बटन म्हणतात. पोलिसांनी धरला तवा खिशात लई पट्ट्या निघाल्या. कायदा म्हणतो, एवढ्या म्हंजे हा विकणारा. आता ज्याला रोज जास्त लागतात, त्याच्याच खिशात जास्त निघणार ना? जो सगळ्यात बिमार, तोच सगळ्यात मोठा गुन्हेगार झाला."

मोहिते म्हणाले, "आणि उद्या विकणारा म्हणेल, मीपण बिमार. मग?"

"त्याला टाका की आत. मी कुठं न्हाई म्हणालो?"

मग त्याने घरची गोष्ट सांगितली. एकदा संतोष विळा घेऊन खोलीत बसला होता आणि सगळी गल्ली बाहेरून ओरडत होती. "नशेतल्या माणसाला शब्द कळत न्हाईत, साहेब. सगळे मारायला आलेत, एवढंच कळतं. त्याला हात दिसले पाहिजेत. रिकामे." अंकुश दोन्ही हात पुढे करून आत गेला होता. संतोषने विळा खाली टाकला होता.

दुसऱ्या विषयावर मोहितेंचा आवाज खाली आला. "परक्याचं भांडण. कोण दोस्त, कोण दुश्मन, पत्ता नाही. आपल्या पोरांनी इथं का मरायचं?"

"बाजारात ती म्हातारी शेंगदाणे विकती," अंकुश म्हणाला. "आपण उभं असलो तरच दुकान लावती. मला तेवढंच कळतं."

सीओंनी माझं मत विचारलं. माझं अजून ठरलेलं नाही, असं मी सांगितलं, आणि ते खरं होतं.

अंकुशला एकच घाई होती. घरचं कोणी जबाबदारी घेत असेल तर कोर्ट संतोषला व्यसनमुक्ती केंद्रात पाठवू शकेल, असं वकिलाने सांगितलं होतं. वडील नव्हते. बटालियन परतली की तो जालन्याला उतरून थेट कोर्टात जाणार होता.

त्यानंतरच्या आठवड्यात, सकाळच्या गस्तीला, बाजाराचा रस्ता रिकामा दिसला. पाण्याच्या पंपाजवळ एक तरुण रायफल घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा होता. त्याच्या पलीकडे पत्र्याच्या छपराखाली बायका अडकल्या होत्या. मी गाडीपाशी रेडिओवर होते; रेडिओवर माझं नाव टायगर, अंकुशचं वन. अंकुश सेक्शनसह पुढच्या भिंतीआड होता.

"टायगर, वन. एक आदमी, हथियार के साथ. नशेत हाय, मॅडम. ओव्हर."

"वन, टायगर. कव्हर में रहो. चॅलेंज करो. ओव्हर."

"चॅलेंज किया. ऐकत न्हाई. मागं बाया आहेत. आपण फायर केला तर त्यांच्यातच जाईल. हात दाखवून बघतो. ओव्हर."

"नेगेटिव्ह. कव्हर सोडू नको."

त्याच क्षणी त्या तरुणाने रायफल बायकांकडे वळवली.

अंकुशने आपली रायफल शेजारच्या जवानाकडे दिली आणि तो रस्त्यावर आला. दोन्ही तळवे पुढे, चाल सावकाश. तो मराठीत बोलत होता. "आरं, बस. बस खाली. काय न्हाई, काय न्हाई." तो माणूस त्याच्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने रायफल जमिनीवर ठेवली आणि तिच्याशेजारी उकिडवा बसला. बायका पळाल्या.

गोळी पंपाच्या खोलीच्या छतावरून आली. एकच. सेक्शनने फायर केला, पण छतावरचा माणूस निघून गेला होता. आम्ही अंकुशला गाडीपर्यंत आणलं. हेलिकॉप्टर यायच्या आत तो गेला.

सैन्याच्या चौकशीत, कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, मी झालं तेवढं सांगितलं. त्याने कव्हर सोडलं. बायकांपैकी कोणालाही इजा झाली नाही. त्याच्या सामानाची पेटी मोहितेंनी भरली. युनिफॉर्मची घडी घालताना ते म्हणाले, "मला हरवून गेला गाढव." पुढच्या शनिवारी डिबेट झाली नाही.

माझी सेवा संपल्यावर मी बदनापूरला परत आले आणि केदारखेड्याला गेले. कोर्टात जबाबदारी घ्यायला अंकुशची आई उभी राहिली होती. केंद्रातून संतोष बरा होऊन आला होता. मी गेले तेव्हा तो रेशमाच्या शेडमध्ये किड्यांना तुतीचा पाला टाकत होता. हात पुसत बाहेर आला. खाली बघतच बोलू लागला.

"मॅडम, लोकं म्हणतात, त्या नशेबाजात दादाला मी दिसलो, म्हणून तो पुढं गेला. म्हंजे माझ्यापायी गेला."

मग त्यानेच विचारलं,

"त्या माणसानं बंदूक ठेवली होती का?"

"ठेवली होती. खाली बसला होता तो."

"मंग गोळी?"

"दुसऱ्याने मारली, छतावरून. तो शुद्धीत होता. नेम धरून मारली."

संतोषने मान वर केली. "म्हंजे दादाचं बराबर होतं."

"बिलकुल बराबर होतं," मी म्हणाले.

तो वळून शेडमध्ये गेला. तो आत रडत होता ते बाहेर ऐकू येत होतं. आईने त्याला हाक मारली नाही. मला म्हणाली, "बस बाई," आणि विचारलं, "तिथल्या बायांना ठावं हाय का, कोण होता त्यो?"

मी सांगितलं. अंकुशला विमानाने पाठवलं त्या सकाळी त्या बायका कॅम्पच्या गेटवर आल्या होत्या. त्यांनी दुभाष्याला त्याचं नाव विचारलं. मग एकेकीने ते मोठ्याने म्हटलं. त्यांना नीट येत नव्हतं.

"कसं म्हणाल्या?"

"आन्कुसू."

आईने ते हळू आवाजात म्हणून पाहिलं. मग पुन्हा एकदा म्हटलं, त्या म्हणाल्या होत्या तसंच.