झोफ्काचं नाक

झोफ्का नाकावर माशी बसू देत नसे. इद्रिया नदीकाठच्या गावात ताकदीचा अर्क घ्यावा तर तिचाच. वसंतात जंगली लसणाचा पाला आला की ती टोपली घेऊन रानात जाई, पाला चिरून सफरचंदाच्या घरगुती दारूत भिजवी आणि बरण्या कोनाड्यात ठेवी. सकाळी चमचाभर घेतला की दुखणं उंबऱ्याबाहेर, अशी सगळ्यांची श्रद्धा.

त्याच रानात घंटाफुलंही उगवतात. फुलं येईतो दोघांची पानं जुळ्या बहिणींसारखी, पण घंटाफुलाचं पान पोटात गेलं तर काळीज थांबतं. खूण एकच, पान चुरगळून हुंगायचं. चार पानं खुडली की बोटांनाच लसणाचा वास लागतो आणि बायका फसतात. झोफ्का त्यांना झोडपायची. "अगं, बोटं हुंगतेस की पान? नाक दिलंय ते काय शोभेला?"

मागच्या हिवाळ्यातल्या तापात तिचंच नाक गेलं. दूध करपलं तरी कळेना. पण सांगायचं कुणाला? झाकली मूठ सव्वा लाखाची! एवढ्या तोंडाळ बाईला हे एक वाक्य बोलवलं नाही, याचा संताप येतो.

धाकटी बहीण त्सिल्का ऑपरेशननंतर अंथरुणालाच होती. "डॉक्टर म्हणतात, दम धर," ती म्हणाली.

"डॉक्टरांना काय जातंय? मी देते ताजा अर्क."

उताराच्या सावलीतला कोवळा पाला झोफ्काने नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर कापला.

मे लागला आणि त्सिल्का गेली. काळीज अशक्त होतं, डॉक्टर म्हणाले. सगळ्यांना पटलं, झोफ्कालाही.

मे महिन्यात देवळात मेरीमातेपुढे घंटाफुलं वाहतात. त्यासाठी झोफ्का रानात गेली. उताराच्या सावलीत पांढऱ्या घंटा डोलत होत्या आणि त्यांच्यामध्ये तिच्याच सुरीने कापलेल्या देठांचे खुंट होते.

मग ती तडक मेहुण्याच्या, लोयझेच्या दारात गेली. "अर्काबद्दल काही बोलली होती का रे ती?"

"म्हणायची, यंदा लसणाचा वास कसा नाही? मी म्हटलं, विचार की ताईला. तर म्हणे, नको रे बाबा, तिच्या नाकावर शंका घेतली तर जन्मभर बोलायची नाही माझ्याशी. डोळे मिटून प्यायची बिचारी." त्याने उरलेली बाटली आणली, बूच काढलं आणि तिच्यापुढे धरली. "तूच हुंगून सांग."

झोफ्काने हुंगलं. मग पुन्हा हुंगलं.

"मला वास येत नाही, लोयझे," ती म्हणाली. "हिवाळ्यापासून येत नाही."

त्याला आधी काही उमगलं नाही. मग हातातलं बूच त्याला बाटलीला लावता येईना.