गौरव्वाचा फोटो

मंगळवार पेठेत बोललं जायचं, की चनबसप्पाच्या हातात जादू आहे. कसरीनं खाल्लेला, पाण्यानं फुगलेला, पार पुसट झालेला फोटो त्याच्या स्टुडिओत टाकावा. आतला माणूस आत्ताच न्हाऊन आल्यासारखा ताजा होऊन भिंतीवर यायचा. चनबसप्पा हे कौतुक मान खाली घालून ऐकायचा. खरं तर त्याला पेन्सिलीला धड टोक काढता येत नव्हतं.

ते काम पडद्यामागं सुंदरम्मा करायची.

सुंदरम्मा त्याच्या धाकट्या भावाची, मल्लिनाथची, विधवा. अक्कलकोटकडच्या खेड्यातून लग्न होऊन आली तेव्हा तिनं फोटो हातातसुद्धा धरला नव्हता. दुरुस्तीचं काम मल्लिनाथचं. पुढं त्याला क्षयानं धरलं, बसवेना, तेव्हा तो अंथरुणावरून सांगायचा आणि ती करायची. फोटोच्या काचेवर, म्हणजे निगेटिव्हवर, सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. म्हातारीची सुरकुती घालवायची तर काचेवर तिथं पेन्सिल फिरवायची, हे तिनं असं शिकून घेतलं. तो गेला. तिचं रडणं आवरतंय न आवरतंय तोच जाऊबाईंनी काचा आणून पुढ्यात ठेवल्या. "गिऱ्हाईक खोळंबलंय गं," म्हणाल्या.

तेव्हापासून ती त्या मागच्या खोलीत. एक खिडकी, आणि खिडकीसमोर शेजाऱ्याची भिंत. गिरणीचा भोंगा ऐकू यायचा, टांग्यांचे घुंगरू ऐकू यायचे, दिसायचं काही नाही. दिवसभर परक्यांचे चेहरे नाकाशी धरून बसायचं. मार्शल लॉच्या साली, गोऱ्या शिपायांच्या संचारबंदीत, सगळं शहर घराघरांत कोंडलं गेलं, तेव्हा जाऊबाई कंटाळून रडकुंडीला आल्या. सुंदरम्माला काही वेगळं वाटलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिचा धाकटा भाऊ सिद्धाप्पा गावाकडून आला. त्यांच्यात विधवेची उडकी, म्हणजे पुन्हा लग्न, लावायची रीत होती. शेजारच्या गावचा शिवलिंगप्पा, पानमळा राखणारा, बायको जाऊन दोन वर्षं झालेली, पदरात एक लहान मुलगी.

"अक्का, माणूस गरीब सोभावाचा हाय," सिद्धाप्पा म्हणाला. "मळ्यात घर हाय. विहीर हाय. तू व्हय म्हण."

सुंदरम्माला पानमळ्यातली सावली आठवली, ओल्या मातीचा वास आठवला. मग हळूच म्हणाली, "व्हय."

चनबसप्पाला कळलं तेव्हा भांडण होणार असं सगळ्यांना वाटलं. तो रागावला नाही. उलट पाहुण्याला जवळ बसवून घेतलं. "लई चांगलं झालं की! पर सिद्धाप्पा, आदल्या बायकोचा मान आधी. तिचा फोटो त्याच्या भिंतीवर लागू दे, मग उडकी. फोटो असंल तर घिऊन यायला सांग. मोठा करून देतो. एक दमडी घेणार न्हाय."

सिद्धाप्पाला त्याचं मन मोठं वाटलं.

पुढच्या सोमवारी शिवलिंगप्पा स्वतः आला. सुंदरम्मा पडद्याआड कान देऊन बसली. फोटो जत्रेत काढलेला होता, नवराबायको खुर्चीवर. पण ट्रंकेत कसर लागून त्याच्या बायकोचा, गौरव्वाचा, डावा गाल आणि अर्धं तोंड खाल्लं गेलं होतं.

"हसली की डावा गाल असा वर जायचा," शिवलिंगप्पा सांगत होता. आवाज घोगरा, पण शांत. "डोळा बारीक व्हायचा. गाल भरलेला न्हवता तिचा. खळगा होता जरा. तसं जमंल का?"

"जमंल की. माझा हात हाय तो," चनबसप्पा म्हणाला.

फोटोवरून नवी काच झाली, काचेवरून मोठा कागद झाला, आणि गौरव्वाचं अर्धं तोंड सुंदरम्मासमोर आलं. तिनं पेन्सिल, खडू, बारीक कुंचला काढला. दोनतीन दिवस ती नुसत्या पदराच्या घड्या आणि मंगळसूत्राचे मणी करत राहिली. मग ती चेहऱ्याकडं वळली. चनबसप्पा फुकट का करून देतोय, ते तिला त्या क्षणी समजलं. हा फोटो हुबेहूब झाला, तर शिवलिंगप्पाच्या घरात गौरव्वा परत येणार. मग तिथं दुसरीला जागा कुठली?

त्या दुपारी तिनं गाल भरून टाकला. गोल, गुळगुळीत, कॅलेंडरवरच्या देवीसारखा. ओठ सरळ केले. कुठल्याही बाईचा होईल असा चेहरा झाला. बघून शिवलिंगप्पा म्हणेल, आता ती गेलीच. आणि पानमळ्याची वाट मोकळी होईल.

दुसऱ्या दिवशी ती मेजाशी बसली आणि तिला त्या कागदाकडं बघवेना. उजवी बाजू खरी होती, तिच्यात हसू होतं. गौरव्वानं तिचं काय वाकडं केलं होतं? नवऱ्याला तिची खूण सांगता येत होती, आणि आपण ती पुसत होतो. सुंदरम्मानं पातं घेतलं, सगळा गाल अलगद खरवडून काढला आणि पुन्हा सुरुवात केली. खळगा आला. डोळा बारीक झाला. ओठाचा कोपरा वर गेला. संपलं तेव्हा ती भिंतीला टेकून कितीतरी वेळ बसून राहिली.

शिवलिंगप्पा फोटो न्यायला आला. कागद उलगडल्याचा आवाज झाला. मग घोगरा आवाज आला, "गौरे."

एवढंच. पडद्याआड सुंदरम्मानं तोंडात पदर धरला.

श्रावण लागला तेव्हा सिद्धाप्पा एकटाच आला. बहिणीकडं न बघता बोलला, "अक्का, त्यो न्हाय म्हणतोय. पोरगी त्या फोटोफुडनं हलत न्हाय. जेवायला तितंच बसती. त्यो म्हणतोय, दुसरी बाई आणली तर तिनं ह्या डोळ्यांफुडं कसं नांदायचं?"

"त्याचं काय चुकलं?" सुंदरम्मा म्हणाली.

सिद्धाप्पा जेवून गेला. चनबसप्पा हळहळला, पुन्हा पुन्हा हळहळला, आणि संध्याकाळी नव्या काचा घेऊन मागच्या खोलीत आला. सुंदरम्मानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पेन्सिल खाली ठेवली.

"अण्णा, मी हितं बसणार न्हाय."

"मग कुटं बसणार?"

"फुडं. दुकानात. मेज रस्त्याकडच्या काचेपाशी ठेवा."

"येडी का काय! विधवा बाई रस्त्यावर बसवू? लोक काय म्हणतील?"

"मग लोकांचं काम लोकांकडनं करून घ्या."

चनबसप्पा ओरडला. जाऊबाईंनी अबोला धरला. मठातल्या अय्यांना, जंगम गुरूंना, बोलावून चार शब्द सांगायला लावले. सुंदरम्मानं ते हात जोडून ऐकून घेतले, स्वयंपाक केला, भांडी घासली, काचेला हात लावला नाही. काचा साचत गेल्या. एका वकिलाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं, फोटो तयार नव्हता, वकिलाचा माणूस दुकानात येऊन बसला. त्या दिवशी चनबसप्पानं स्वतःच्या हातानं मेज उचलून पुढं नेलं.

पहिल्या आठवड्यात लोक काचेला नाक लावून बघायचे. मग सवय झाली. चनबसप्पा गिऱ्हाइकांना सांगायचा, "मीच शिकवलंय तिला." ती बोलू द्यायची. साळी गल्लीतल्या तेलुगू बायका, ज्या परक्या पुरुषासमोर कधी उभ्या राहिल्या नव्हत्या, त्या तिला बघून आत यायला लागल्या. खुर्चीत बसलेल्या बाईचा पदर ती स्वतः नीट करायची. मान वर केली की रस्ता दिसायचा. कडब्याच्या गाड्या जायच्या, गिरणी सुटली की बायकांचे घोळके जायचे, मोठ्यानं बोलत, हसत.

उडकीचं पुन्हा कुणी काढलं नाही. तिनंही विचारलं नाही. दिवे लागायच्या सुमाराला ती कुंचले धुवायची, मेज पुसायची. दुकानाचं एक दार रस्त्याकडं उघडायचं, एक घरात. ती घरातल्या दारानं आत जायची, आणि चनबसप्पा मागून रस्त्याकडच्या दाराला कुलूप लावायचा.